फायटर रुसला, विझार्ड मेला : वाचकांचे प्रश्न

या खेपेला आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच रडगाण्याची आहेत, एक तर "माझा क्लास भंगार आहे" नाहीतर "माझं कॅरेक्टर मेलं". म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकात. ज्यांना डी अँड डी म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, त्यातला एक डीएम म्हणजे गोष्ट चालवणारा, बाकीचे एकेक कॅरेक्टर घेतात, त्याचा पेशा म्हणजे क्लास, कोणी तलवारवाला फायटर, कोणी जादूवाला विझार्ड, कोणी देवाचं नाव घेऊन जखमा भरणारा क्लेरिक, कोणी कुलपं उघडणारा चोरटा, त्याला इंग्रजीत रोग म्हणतात, आणि काय करायचं ते तोंडानं सांगायचं, जमलं का नाही ते फासा ठरवतो. हिट पॉइंट म्हणजे अंगातला जीव, ते संपले की गडी आडवा. बाकी पत्रांमधून कळेलच.

प्रश्न : दादा नमस्कार. आम्ही पाच जण लातूरला ट्यूशनला आहोत, रविवारी टेस्ट झाली की दुपारी रूमवर डी अँड डी खेळायलोत, पाचवी एडिशन, २०१४ ची पुस्तकं. माझा फायटर आहे, लेव्हल ७. विझार्डवाला गडी फायरबॉल म्हणजे आगीचा गोळा टाकतो आणि मैदान साफ, माझी पाळी येईपर्यंत मारायला काही उरतच नाही. मारामारी संपली की तोच म्हणतो चला झोपू, सकाळी उठला की सगळे स्पेल म्हणजे जादूमंत्र परत भरलेले. मी काय नुसता दारं ढकलायला आहे का? क्लास बदलू का?
— वैतागलेला फायटर, लातूर

क्लास बदलू नको भाऊ. आधी हे सांग, तुमच्या गेममधल्या एका दिवसात मारामाऱ्या किती होतात? तुझ्या पत्रावरून तरी एकच दिसायली, आणि सगळी गोम तिथंच आहे.

हिशोब बघ. लेव्हल ७ च्या विझार्डकडे तिसऱ्या लेव्हलचे तीन स्लॉट (स्पेल टाकायच्या खेपा) आणि चौथ्याचा एक, म्हणजे फायरबॉल चार, मधे तासभर टेकला तर आर्केन रिकव्हरीनं अजून एक. एका फायरबॉलला आठ फासे, सहा बाजूंचे, सरासरी २८, आणि तेही समोर घोळक्यानं उभ्या असलेल्या प्रत्येकाला. तुझे दोन वार, दोन्ही लागले तर सोळा-सतरा, एकाच माणसाला. आता दिवसात एकच मारामारी असेल तर तो चारही उधळून मोकळा होणार आणि तू बघत बसणार, ह्यात त्याची काय चूक नाही. पण २०१४ च्या डीएमच्या पुस्तकात अंदाज दिलाय तो दिवसाला सहा ते आठ मुकाबल्यांचा, मध्यम ते कठीण, मधे दोनेक वेळा तासाभराचा आराम. तिसऱ्या-चौथ्या मुकाबल्याला तुमचा विझार्ड खिसे चाचपायला लागतो आणि तुझी तलवार तशीच चालत ऱ्हाते, सेकंड विंड आणि अ‍ॅक्शन सर्ज (दम भरणं आणि एक जास्तीची कृती) तासाभराच्या आरामात परत येतात, त्याचे बहुतेक स्लॉट मात्र पूर्ण रात्र झोपल्याशिवाय येत नाहीत. फायटर बनवलाय तोच मुळात चौथ्या मारामारीसाठी, आणि तुमच्याकडं चौथी कधी होतच नाही.

मला माहितीये तू काय म्हणशील, दुपारी तीन तास मिळतात, त्यात आठ मारामाऱ्या कुठून आणायच्या. बरोबर, कोणीच आणत नाही. पण सेशन संपलं म्हणून गेममधला दिवस संपला पाहिजे असं कोणी सांगितलं? तुम्ही साडेपाचला उठलात कारण मेसची वेळ झाली, तिकडं भुयारात अजून दुपारच आहे, पुढच्या रविवारी तिथूनच सुरू करा, उडवलेले स्लॉट उडवलेलेच. डीएमला एवढी एकच गोष्ट पटव आणि एक महिना खेळून बघा. दुसरं म्हणजे झोपायला किंमत लावा. तुम्ही आठ तास घोरत असताना पुजाऱ्याचा बळी द्यायचा विधी पुढं सरकतो, दरोडेखोर माल घेऊन पसार होतात, पळालेला गॉब्लिन, म्हणजे बुटका राक्षस, गावभर सांगतो. मग "चला झोपू" म्हणायच्या आधी विझार्डच चारदा विचार करेल. आणि शत्रू सगळे एका जागी गोळा करून का ठेवायचे, दोन धनुष्यवाले गच्चीवर, एक दाराआड, एक पोराला ओलीस धरून, आता टाक म्हणावं फायरबॉल.

हे सगळं कामून झालं तेही ऐक, कारण विझार्ड आधी असा नव्हता. १९७४ ला गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी पहिली डी अँड डी काढली तेव्हा क्लास तीनच, फायटिंग मॅन, मॅजिक-यूजर आणि क्लेरिक, चोर पुढच्या वर्षी ग्रेहॉक नावाच्या पुरवणीतून आला. तेव्हाचा मॅजिक-यूजर सुरुवातीला दिवसाला एक स्पेल टाकायचा, एक, आणि तो टाकला की उरलेला दिवस खंजीर घेऊन मागं मागं. वर चढला की मात्र भारी. आता ह्याला समतोल म्हणायचं तर कसा, तर मरणाचा. वर पोचेपर्यंत दहातले बरेच मरायचे आणि जो पोचला त्यानं ती ताकद जीव पणाला लावून कमावलेली असायची, फायटरवाल्यालाही त्याचं वाईट वाटायचं नाही कारण त्याला जिवंत ठेवलं त्यानंच. त्यात अजून कुलपं होती, अ‍ॅडव्हान्स्ड एडिशनमधे स्पेल म्हणता म्हणता एक दगड जरी लागला तरी स्पेल वाया, सुरुवातीच्या लेव्हल चढायला मॅजिक-यूजरला फायटरपेक्षा जास्त एक्सपी म्हणजे अनुभवाचे गुण, आणि वरच्या लेव्हलचा फायटर बहुतेक जादू अंगावरून झटकून टाकायचा कारण त्याचे सेव्हिंग थ्रो, म्हणजे संकटातून वाचायचे फासे, थोडक्यात सेव्ह, सगळ्यात दणकट.

मग २००० साली तिसरी एडिशन आली, त्यात एक्सपीचा तक्ता सगळ्यांना सारखा केला, वार चुकवत स्पेल टाकायची सोय दिली, आणि चिवट सेव्ह फायटरच्या हातून गेले. २०१४ पर्यंत विझार्डचा हिट पॉइंटचा फासा चार बाजूंचा होता तो सहाचा झाला, फुकटचे कँट्रिप, म्हणजे स्लॉट न लागणारे छोटे स्पेल आले, खाली पडला तरी मरत नाही. एकेक बदल बघितला तर चांगलाच आहे, कोणाला आवडतं सुरुवातीलाच मरायला. पण सगळे मिळून झालं काय की विझार्डचं देणं माफ झालं आणि येणं तसंच ऱ्हायलं. हे माझं मत आहे, ज्यांना विझार्ड प्रिय आहे त्यांनी शिव्या घालायला पत्र लिहा, छापतो.

मधे २००८ ला चौथ्या एडिशननं खरंच हात घातला होता, फायटरलाही विझार्डसारख्याच पॉवर दिल्या, काही कितीदाही वापरा, काही मारामारीत एकदा, काही दिवसातून एकदा. आकड्यांत बघितलं तर तेवढा समतोल आधी नव्हता आणि नंतरही नाही. आणि लोक ओरडले की सगळे क्लास सारखेच लागायलेत! तेव्हा फक्त डॅमेजचे आकडे जुळवून हे मिटत नाही. तुला खटकतंय ते डॅमेज नाहीच आहे, तुझी पाळी येते तेव्हा टेबलावर कोणाचं लक्ष नसतं ते खटकतंय. तीन-चार मुकाबले झालेल्या दिवशी, विझार्डकडं काही उरलं नाही आणि दार तुझ्या एकट्याच्या खांद्यावर तुटायलंय, तेव्हा बघ कोण मोबाईल बघतंय.

प्रश्न : आम्ही परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या होस्टेलवरच्या मुली, सिनिअर ताईकडून १९८१ चे बेसिक नियम मिळालेत ते खेळून बघायचेत. पण वाचूनच घाबरलो. शून्य हिट पॉइंट म्हणजे मेला, विषारी कोळी चावला आणि सेव्ह म्हणजे वाचायचा फासा चुकला तरी मेला. मॅजिक-यूजरला चार बाजूंचा फासा टाकून हिट पॉइंट, एकीला एकच आला. हा गेम आहे का कत्तलखाना? आम्ही नियम बदलावेत का?
— चार जणी, परभणी

आधी तो एक हिट पॉइंटवाला मॅजिक-यूजर फेकू नका, त्याला एखादं मस्त नाव द्या, जगला तर आयुष्यभर सांगाल.

भीती खोटी नाही, आकडे काढून दाखवतो. त्या नियमांत चिलखत नसलेल्या माणसाला गॉब्लिन वीसातल्या अकरा वेळा लागतो. लागला तर डॅमेज सहा बाजूंच्या फाशाचा, तुमचे हिट पॉइंट चार बाजूंच्या फाशाचे, म्हणजे लागलेल्या चार वारांपैकी तीन जीव घेणारेच. दोन्ही मिळून एका गॉब्लिनच्या एका वाराला साधारण ४१ टक्के मरण. एका वाराला! दोन गॉब्लिन आले तर बोलायलाच नको.

आता ह्याच नियमांचा दुसरा तक्ता उघडा, एक्सपीचा. एका गॉब्लिनचे पाच एक्सपी, आणि फायटरला दुसऱ्या लेव्हलला २००० लागतात. म्हणजे चारशे गॉब्लिन, तेही वाटणी न करता. पण बाहेर आणलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्याला एक एक्सपी आहे. हे वाचलं की डोक्यात लाईट लागते, हा मारामारीचा गेमच नाही ताई, हा चोरीचा गेम आहे. गॉब्लिन झोपले असताना पेटी उचलून आणली तर पूर्ण पैसे, लढून मेलात तर शून्य. तुम्ही पाचव्या एडिशनच्या सवयीनं दार उघडलं की "इनिशिएटिव्ह", म्हणजे लढाईत पहिली पाळी कोणाची, म्हणाल तर रोज एक प्रेत उचलाल.

म्हणून ह्या दोन गोष्टी अजिबात गाळू नका, सगळे नवे डीएम नेमक्या ह्याच गाळतात. समोर कोणी आलं की त्याचा मूड दोन फाशांवर ठरतो, रिअ‍ॅक्शन रोल म्हणतात, गॉब्लिन दिसला म्हणजे अंगावरच येतो असं नाही, बोलतो, भाव करतो, कधी कधी वाटही दाखवतो. आणि मोराल म्हणजे धीर, त्यांचा पहिला गडी पडला की आणि निम्मे पडले की परत दोन फासे, जास्त आलं तर ते पळतात. शेवटच्या गॉब्लिनपर्यंत लढाई चालवणारा डीएम त्या नियमांना जास्त जीवघेणं करून ठेवतो आणि वर म्हणतो जुना गेम क्रूर आहे.

मॅजिक-यूजरनं पहिला स्पेल स्लीप घ्यावा, दुसरं काही सुचवणाऱ्याचं ऐकू नका. खालच्या लेव्हलचे घोळकेच्या घोळके झोपतात आणि त्याला सेव्हच नाही. दिवसातून एकदा तुमचा एक हिट पॉइंटवाला गडी अख्खी पार्टी म्हणजे तुमची टोळी वाचवतो, आणि ती एक वेळ कोणती हे ठरवण्यातच त्याचा सगळा खेळ आहे. सोबत भाड्याचे लोक घ्या, मशाल धरायला, सामान उचलायला, पुढं ढाल धरून उभं ऱ्हायला. पार्टी चारची असावी असं काही नाही, आठ-दहा जण निघाले तरी चालतं. चोर दुसऱ्या लेव्हलला १२०० वर जातो, क्लेरिक १५०० वर, मॅजिक-यूजरला २५०० लागतात आणि एल्फला ४०००, म्हणजे एल्फ घेणारीनं सबुरी ठेवायची, तिला तलवारही आहे आणि स्पेलही.

नियम बदलायचेच असतील तर पहिल्या लेव्हलला हिट पॉइंट पूर्ण द्या, चारचा फासा तर चार. फार लोक करतात, काही बिघडत नाही. विष मात्र ठेवा. कोळी आहे हे आधी कळेल असं करा, जाळी दिसू द्या, वाळलेली वटवाघळं लटकलेली दिसू द्या, मग ज्या आत हात घालतील त्यांनी घालावा.

आणि अगदीच रक्त बघायची हौस असेल तर २०१२ ला आलेल्या डन्जन क्रॉल क्लासिक्स नावाच्या दुसऱ्या गेममधला फनेल करून बघा. प्रत्येकीनं तीन-चार झिरो लेव्हलची माणसं घ्यायची, शेतकरी, सुतार, कोंबड्या विकणारा, हिट पॉइंट चार बाजूंच्या फाशावर, सगळ्यांना एकदम भुयारात ढकलायचं आणि जी जगतात ती तुमची कॅरेक्टर. क्लास नंतर मिळतो. बॅलन्सचा प्रश्नच येत नाही कारण सगळेच सारखे भंगार, आणि हसून हसून पोट दुखतं.

प्रश्न : मी डीएम आहे, नांदेडचा. आमच्या गेममधे माझ्या सगळ्यात जुन्या दोस्ताचं पॅलाडिन, म्हणजे देवाची शपथ घेतलेलं लढवय्या कॅरेक्टर, मेलं. ओगर म्हणजे धिप्पाड राक्षस, त्यानं त्याला शून्यावर पाडलं, परत पाळी आल्यावर पडलेल्यालाच मारलं, त्याचे दोन डेथ सेव्ह (मरणापासून वाचायचे फासे, तीन चुकले की खेळ खलास) गेले, मग त्यानं स्वतः टाकला तो नऊ आला, खलास. सगळं नियमानुसार. पण गडी त्या दिवसापासून बोलत नाही, ग्रुपवर मेसेज बघतो आणि उत्तर देत नाही. बाकीचे म्हणायलेत फासा पडद्याआड होता, बदलायचा होतास. मी बरोबर का चूक?
— नियमवाला, नांदेड

नियमात तू बरोबर आहेस. पडलेल्याला जवळून मारलेला वार आपोआप क्रिटिकल, म्हणजे वर्मी, आणि क्रिटिकल म्हणजे दोन फेल, मग दहाच्या खाली आला तर तिसरा. वाद नाही. पण तुझा दोस्त नियमावर चिडलाय असं मला वाटत नाही, त्याच्या डोक्यात एकच प्रश्न असणार, बाकी चार जण उभे असताना ओगरनं पडलेल्यालाच कामून मारलं? ओगर तर तूच ना. तो वार फाशानं ठरवला नाही, तू ठरवलास.

ह्या एडिशनची हीच गंमत आहे बघ. नुसतं फाशावर सोडलं तर शून्यावर पडलेला माणूस कोणी हात न लावता दहातल्या सहा वेळा वाचतो, आणि क्लेरिकचा लांबूनचा एक हीलिंग वर्ड आला की उठून परत तलवार हातात. पडतो उठतो पडतो उठतो, आठवडी बाजारातल्या खेळण्याच्या बाहुल्यासारखं. म्हणजे मरण जवळजवळ बंदच आहे, जोपर्यंत डीएम पडलेल्याला मारायचं ठरवत नाही. मग जे मरण येतं ते डीएमच्या हातचं वाटतं, आणि बऱ्याचदा असतंही. जुन्या नियमांत हा घोळ नव्हता, शून्य म्हणजे शून्य, शिव्या फाशाला.

फासा बदलायचा का, तर माझं उत्तर नाही. आणि पडदा काढून टाक. मारामारीतले फासे टेबलाच्या मधोमध टाक, सगळ्यांसमोर, त्यानं तुझी निम्मी भांडणं संपतील. एकदा तू मित्राला वाचवायला फासा बदललास की पुढच्या वेळी दुसऱ्याचं कॅरेक्टर मरेल तेव्हा तो विचारेल त्याला वाचवलं मला का नाही, आणि त्याला द्यायला तुझ्याकडं उत्तर नसेल. मात्र फासा टाकायच्या आधी तुझ्या हातात खूप काही असतं. ओगर भुकेला असेल तर पडलेल्याला खांद्यावर टाकून पळेल, आता पार्टीला पाठलाग करायचाय, केवढी गोष्ट मिळाली. ओगर माजलेला असेल तर उभ्या असलेल्याकडं वळेल. लांडगे ओढत नेतात, दरोडेखोर गळ्यावर सुरी ठेवून पैसे मागतात. पडलेल्यालाच मारणारे प्राणीही आहेत, प्रेतं खाणारा घूल घे, जादूगाराचा मारेकरी घे, पण मग एक पाळी आधी सांग, "तो तुझ्या गळ्याकडं बघायलाय." पार्टीला एक संधी मिळते, त्यांनी सोडली तर त्यांच्यावर.

दोस्ताचं काय, तर ग्रुपवर लिहू नको, घरी जा. नियम समजावून सांगू नको, त्याला नियम येतात. पॅलाडिनबद्दल बोल. परत आणायचं असेल तर रस्ता पुस्तकातच आहे, पाचशे सोन्याच्या नाण्यांचा हिरा आणि रेझ डेड टाकणारा क्लेरिक, दहा दिवसांच्या आत, आणि परत आलेला माणूस काही दिवस ढिलाच असतो. तो हिरा मिळवणं हीच पुढची मोहीम कर, पण त्याला विचारून, काहींना मेलेलं कॅरेक्टर मेलेलंच बरं वाटतं. आणि तोपर्यंत त्याला टेबलावर मोकळा बसवू नको! पार्टीसोबतचा एखादा शिपाई, मशालवाला, कोणीतरी त्याच्या हातात दे. मेल्यावर तीन तास चिप्स खात दुसऱ्यांचा खेळ बघायचा, हे मरणापेक्षा जास्त लागतं.

पुढच्या वेळी मोहीम सुरू करतानाच विचारून घे की बाबांनो इथं मरण किती स्वस्त ठेवायचं. उत्तर काहीही येवो. काही टेबलांवर शून्यावर पडलेल्याला थकव्याची एक लेव्हल लावतात, म्हणजे उठला तरी लंगडत उठतो, मला तो घरगुती नियम आवडतो, बाहुल्याचा खेळ थांबतो आणि कोणी मरतही नाही.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे, सुट्टीत मित्रांना घेऊन गच्चीवर बसतो आणि खालून ऐकू येतं "मी मेलो, आता माझा भाऊ सूड घेणार". त्याला भाऊ नाही. काळजी करू का?
— एक आई, बीड

नाही ताई. त्याचं कॅरेक्टर मेलं आणि त्यानं नवं कॅरेक्टर म्हणून मेलेल्याचा भाऊ आणला, जगभर सगळे हेच करतात, नावातलं एक अक्षर बदलून. उलट बरंय, मेल्यावर रुसून खाली आला नाही. वर थोड्या शेंगा पाठवा.

प्रश्न : लवकर न मरणारा क्लास कोणता? एकाच वाक्यात सांगा.
— जालना

कागदावर बार्बेरियन, बारा बाजूंचा फासा आणि राग आला की तलवार-भाल्याचं डॅमेज निम्मं, पण मी बघितलेले सगळ्यात जास्त मेलेले पण तेच, कारण ते घेणारे दार न ऐकता उघडतात.

प्रश्न : मी संभाजीनगरचाच आहे. मला दौलताबादच्या किल्ल्यावर डन्जन म्हणजे खेळातलं भुयार बनवायचंय, अंधारी वगैरे सगळं घालून, पाचव्या एडिशनमधे, लेव्हल ५ च्या पार्टीसाठी. भीती वाटली पाहिजे पण टीपीके, म्हणजे अख्ख्या पार्टीचं मरण, नको. कसं करू?
— देवगिरीकर

वा, आपल्या दारातलं सोडून लोक परदेशी भुयारं काढत बसतात. हा किल्लाच मुळात डीएमनं बनवल्यासारखा आहे. कातळ तासून उभा केलेला कडा, चढायला जागाच नाही, खाली खंदक, आत जायला एकच अरुंद वाट, आणि मग अंधारी, डोंगराच्या पोटातून वळत वळत वर जाणारा काळोखा बोगदा. दिव्याशिवाय वर चढणाऱ्याला पुढचं पाऊल दिसत नाही. वरच्या तोंडाला लोखंडी झाकण आणि त्यावर निखारे पेटवायची सोय, म्हणजे आत शिरलेल्या शत्रूवर धूर कोंडायचा. यात कुठं राक्षस नाही बघ, एकही हिट पॉइंट नाही ज्याला मारता येईल.

आणि म्हणूनच इथं क्लासचा समतोल आपोआप येतो. विझार्डचा फायरबॉल धुरावर काय करणार? २०१४ च्या नियमांत तो वीस फूट त्रिज्येचा गोळा आहे, कोपऱ्यावरूनही वळतो, बोगद्यात टाकला तर आपलीच माणसं त्यात असायची शक्यता मोठी. मला विचारशील तर इथं जुना नियम उचल, अ‍ॅडव्हान्स्ड एडिशनमधे फायरबॉल जागा भरेपर्यंत पसरायचा, साधारण ३३ हजार घनफूट, म्हणजे अरुंद बोगद्यात तो उलटा टाकणाऱ्याच्याच तोंडावर यायचा. एवढा एक नियम लावलास की विझार्ड टाकायच्या आधी मोजायला लागतो आणि पार्टी त्याच्याकडं बघत बसत नाही. पण आधी सांगून ठेव, ऐनवेळी सांगितलंस तर ती फसवणूक. रोगला वळणावरच्या खोट्या वाटा शोधू दे, झाकण उचलायला फायटरचं बळ लागू दे, धुरात गुदमरलेल्यांना क्लेरिकनं सांभाळावं, रेंजर म्हणजे रानातल्या खुणा ओळखणारा असेल तर वटवाघळांच्या उडण्यावरून हवा कुठून येते ते कळू दे. वटवाघळं घालच, तो वास ज्यानं एकदा घेतलाय तो विसरत नाही, तू नुसतं वर्णन केलंस तरी आपली पोरं नाक दाबतील.

टीपीके नको असेल तर धूर एकदम मारणारा करू नको. पहिल्या राउंडला डोळे चुरचुरतात, डॅमेज काही नाही. दुसऱ्याला कॉन्स्टिट्यूशनचा म्हणजे काटकपणाचा सेव्ह, चुकला तर सहा बाजूंचा एक फासा. तिसऱ्याला दोन, चौथ्याला तीन. म्हणजे पार्टीला एक राउंड फुकट मिळतो ठरवायला, मागं पळायचं का वर झाकणाकडं घुसायचं, आणि दोन्ही चालतं. खुणा आधीपासून ठेव, भिंतीला काजळी, वाटेत वर तोंड करून पडलेला सांगाडा, नखांचे ओरखडे. ज्यांनी काजळी बघून प्रश्न विचारला नाही त्यांना पाचव्या राउंडला चार फासे टाकायला तुला काही वाटायला नको. लेव्हल ५ च्या क्लेरिककडं रेव्हिव्हिफाय, म्हणजे नुकत्याच मेलेल्याला उठवणारा स्पेल असतो, पण त्याला तीनशे सोन्याच्या नाण्यांचे हिरे लागतात आणि एका मिनिटाच्या आत, तेव्हा किल्ल्यात शिरायच्या आधी एका सावकाराकडं तेवढे हिरे आहेत हे सांग, घेतले तर घेतले.

अजून एक, हा किल्ला कडा चढून कोणी सहज घेतलेला नाही हे पार्टीला कळू दे. १२९६ ला अलाउद्दीन खिलजी आला तेव्हाची गोष्ट सांगतात, रामदेवराय यादव किल्ल्यात बसला आणि घाईघाईत वर चढवलेली धान्याची पोती उघडली तर आत मीठ निघालं, मग शरण जावं लागलं. हे उचल. जी पार्टी अंधारीत न शिरता पोत्यांची अदलाबदल करायचा डाव टाकेल तिला अंधारीतून गेलेल्यांइतकेच पूर्ण एक्सपी दे, एकही फासा न टाकता किल्ला पडला तरी. फक्त मिठाचा व्यापारी आणि त्याच्या बैलगाड्या खालच्या गावात पहिल्याच सेशनला दाखवून ठेव, नाहीतर कोणाच्या डोक्यातच येणार नाही आणि सगळे सरळ बोगद्यात घुसतील.